पडद्यावरचे गाणे आणि घरातले गाणे

३१ डिसेंबर २०२५ रोजी ब्रिटनमध्ये एमटीव्हीच्या केवळ संगीताला वाहिलेल्या वाहिन्या बंद झाल्या. आपल्याकडील ‘चॅनल व्ही’ने तर २०१८ सालीच गाशा गुंडाळला होता. नव्वदच्या दशकात ज्यांच्या नावाने घराघरांत वाद झडत, वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालीत आणि महाविद्यालयीन मुले दार लोटून घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसत, त्या वाहिन्यांचा काळ असा गाजावाजा न होता सरला. याचा हर्ष मानण्याचे कारण नाही आणि शोक करण्याचेही नाही. मात्र या वाहिन्यांनी आपल्याकडून काय नेले आणि आपल्या पदरात काय टाकले, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

एमटीव्हीचा जन्म १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९१ साली, हाँगकाँगहून प्रक्षेपित होणाऱ्या स्टारच्या उपग्रह वाहिन्यांसोबत ती भारतात अवतरली. त्याच वर्षी आपल्या अर्थव्यवस्थेची दारे उघडली, हाही योग ध्यानात घ्यावा. नागपुरात महालातील जुन्या वाड्यांवरून आणि धरमपेठेतील बंगल्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या त्या याच सुमारास. तोवर गाणे ही प्रामुख्याने ऐकण्याची गोष्ट होती. सकाळी आकाशवाणी, आणि दूरदर्शनवर आठवड्यातून मोजून एक-दोनदा ‘छायागीत’ वा ‘चित्रहार’. तेही सारे घर एकत्र बसून पाहत असे.

नव्या वाहिन्यांनी ही घडीच मोडली. गाणे चोवीस तास वाहू लागले आणि कानांपेक्षा डोळ्यांचे झाले. गायकाच्या गळ्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याच्या पोशाखाला, केशरचनेला आणि देहबोलीला आले. दोन गाण्यांच्या मधली जाहिरात आणि प्रत्यक्ष गाणे यांत फरक उरला नाही. कारण ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या दृष्टीने गाण्याची चित्रफीत हीच मुळी एक जाहिरात होती. निवेदकांची अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी अशी धेडगुजरी भाषा तरुणांना आपलीशी वाटू लागली. पेहरावापासून बोलीपर्यंत एका पिढीच्या आवडीनिवडी ठरविण्याचे काम कुटुंब आणि शाळा यांच्याकडून निसटून बाजारपेठेच्या हाती गेले. हे नुकसान खरे होते, आणि त्याकडे बोट दाखविणाऱ्यांना जुनाट म्हणून हिणविणे अन्यायाचे होते.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९४ साली एमटीव्ही स्टारपासून विलग झाली व तिच्या जागी ‘चॅनल व्ही’ आली. १९९६ मध्ये एमटीव्हीने स्वतंत्र भारतीय वाहिनी म्हणून पुन्हा पाऊल टाकले. केवळ इंग्रजी गाण्यांवर हा देश जिंकता येत नाही, हे एव्हाना दोघींनाही कळून चुकले होते. हिंदी चित्रपटगीतांना शरण गेल्यावाचून त्यांना प्रेक्षक मिळेना. भारतीय श्रोत्याच्या अभिरुचीचा हा विजयच होता. पण तो अर्धा होता. गाणी आपली झाली, तरी ती दाखविण्याची रीत परकीयच राहिली. शिवाय या साऱ्यात मराठीचे स्थान कोठे होते? ‘नाइन एक्स झकास’सारखी मराठी गाण्यांची वाहिनी येण्यास २०११ साल उजाडावे लागले.

याच माध्यमाने काही चांगलेही दिले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, ए. आर. रहमान यांचे ‘वंदे मातरम्’ तरुणांच्या ओठी गेले ते चित्रफितीच्याच वाटेने. मिलिंद इंगळे यांच्या ‘गारवा’ने मराठी भावगीताला नवा श्रोता मिळवून दिला. झी वाहिनीवर १९९५ साली सुरू झालेल्या ‘सा रे ग म’ने शास्त्रीय संगीतातील जाणत्यांना परीक्षक म्हणून सन्मानाने बसविले. पुढे अमरावती जिल्ह्यातील वैशाली माडे यांनी २००९ साली याच मालिकेतील हिंदी स्पर्धा जिंकून वैदर्भीय कंठाची नाममुद्रा देशभर उमटविली. त्याच वर्षी मराठीतील ‘लिटल चॅम्प्स’ने सारा महाराष्ट्र पुन्हा एकदा एका खोलीत आणून बसविला. मात्र एक गोष्ट विसरू नये. कार्तिकी गायकवाडला गाणे मिळाले ते वडिलांकडून, आर्या आंबेकरला आईकडून. पडद्याने त्यांना प्रसिद्धी दिली. सूर घराने दिला.

नागपूरकरांना हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. शंकरराव सप्रे यांनी याच नगरीतील श्रीराम संगीत विद्यालयात जे शिष्य घडविले, त्यांत वसंतराव देशपांडे होते आणि रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हेही होते. या चितळकरांनी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत पाश्चात्त्य ताल व वाद्ये मुक्तहस्ते वापरली. त्यांनीच ‘अनारकली’ (१९५३)ला रागदारीचा साज चढविला, आणि चीनच्या आक्रमणानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लतादीदींनी गायिलेले, साऱ्या राष्ट्राचे डोळे ओलावणारे ते हुतात्म्यांचे गीतही त्यांनीच स्वरबद्ध केले. बाहेरचे ताल घेऊनही ते परके झाले नाहीत, कारण गुरूकडून मिळालेला षड्ज पक्का होता. परक्या वाऱ्याचे भय त्यालाच, ज्याच्या घराचा पाया कच्चा.

आज वाहिनी गेली. तिच्या जागी भ्रमणध्वनी आला. वाहिनी निदान बैठकीत होती आणि आईवडिलांचे येताजाता लक्ष असे. आता प्रत्येक मुलाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे, आणि पुढचे गाणे कोणते हे संगणकाचे गणित ठरविते. काही सेकंदांच्या तुकड्यांत गाण्याचा मुखडा उरतो, अंतरा हरवतो. त्याला बंदी हे उत्तर नव्हे. तीस वर्षांपूर्वीही ते नव्हते. त्या काळी आपण वाहिन्यांना दूषणे पुष्कळ दिली. पण आपल्यापैकी किती घरांत संवादिनी होती, किती जण मुलाचे बोट धरून सभागृहातील मैफलीला गेले?

तेव्हा आरंभ घरापासून व्हावा. आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांनी मिळून एखादे गाणे पूर्ण ऐकावे, मुलांच्या आवडीचेही आणि आपल्याही. गल्लीतील गाण्याच्या शिक्षकाला विद्यार्थी मिळावेत, वस्तीतील गणेशोत्सवात ध्वनिवर्धकाच्या भिंतीऐवजी मुलांच्या गळ्याला संधी मिळावी. वाहिन्या येतील आणि जातील. मुलांच्या कानी पहिला सूर कोणाचा पडावा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र अद्याप आपल्याकडेच आहे. तो आपण बजावणार आहोत काय?