घडी घालणारे हात

गेल्या महिन्यात गोडादऱ्यातील एका घरी जाण्याचा योग आला. अमळनेरकडून येऊन सुरतेत पंचवीस वर्षे स्थिरावलेले कुटुंब. वडील लूमच्या खात्यात, आई घरबसल्या साड्यांना टिक्क्या लावणारी. थोरला मुलगा सतरा वर्षांचा, बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे राहिलेली. आम्ही चहा घेत असता तो आईने पुऱ्या केलेल्या साड्या एकावर एक रचीत होता. काठ काठाशी जुळला नाही की पुन्हा उलगडीत होता. आईचे तिकडे लक्ष नव्हते. ती आम्हांला विचारीत होती, "आम्हना मांगे याले कोन देखी?"

ज्या घरी असे मूल आहे, तेथे हा प्रश्न रोज रात्री दिवा मालवताना उभा राहतो. त्याचे निम्मे उत्तर त्याच खोलीत साड्यांच्या घड्या घालीत बसले होते, असे आम्हांला वाटले.

विशेष शाळांतून मुलांना पाकिटे, मेणबत्त्या, पणत्या करण्यास शिकवितात. दिवाळीत प्रदर्शन भरते, आपण दोन पणत्या घेतो आणि पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात घरी येतो. परंतु सुरतेचा संसार चालतो कापडावर. ताके मोजणे, साडीची घडी, लेबल, पेटी भरणे ही येथली कामे. शिवाय एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी लावणे हेच अशा मुलांना सर्वांत अवघड जाते. वर्गात दहापर्यंत मोजणारा मुलगा दुकानाच्या गलबल्यात तिसऱ्या साडीवर अडतो. म्हणून शिकवायचे ते कामाच्या जागीच. एका घडीच्या सहा-सात पायऱ्या पाडायच्या, एकेक पायरी अंगवळणी पडेपर्यंत शिक्षकाने शेजारी उभे राहायचे आणि मग हळूहळू दूर सरायचे. आधी कामावर ठेवा, मग तेथेच शिकवा, या पद्धतीला अमेरिकेने १९८६ मध्ये कायद्यात स्थान दिले. आपल्याकडे तर बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापलेल्या संस्थेच्या वरोऱ्याजवळील आनंदवनात ज्यांना समाजाने टाकले त्यांच्याच हातांनी शेती पिकली, माग चालले. पुढे तेथील संधिनिकेतनात अपंगांना व्यवसायाचे शिक्षण मिळू लागले.

कायदाही आता पुष्कळ पुढे आला आहे. १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा होत्या. त्या अंध, कर्णबधिर आणि हातापायांनी अधू अशांपुरत्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि बौद्धिक अपंगत्व व स्वमग्नता यांनाही त्यांत वाटा दिला. खासगी मालकांवर मात्र सक्ती नाही, केवळ उत्तेजन आहे. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द आला. शब्द बदलणे सोपे. शेठजींचे मन वळविणे तितके सोपे नाही, हे आम्ही स्वतः अनुभवले.

ओळखीच्या एका मराठी व्यापाऱ्याकडे आम्ही शब्द टाकला. प्रथम ते म्हणाले, "पाचशे रुपये देणगी लिहून घ्या." देणगी नको, दोन तास हवेत, असे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मुलाच्या वडिलांचीही तीच गत. "लोक म्हणतील, असल्या पोराला राबवतो." त्यांच्या भीतीत तथ्य नाही असे नाही. शिकविण्याच्या नावाखाली वर्षानुवर्षे फुकट काम करून घेणारेही आढळतात. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घेतल्या : यंत्रापाशी नेायचे नाही, केवळ घडीच्या खोलीत बसवायचे, शाळेतील बाईंनी सोबत राहायचे, आणि तीन महिन्यांनी, जितके काम तितकी मजुरी, ती मुलाच्याच खात्यावर. हे शेवटचे कलम मान्य होण्यास दोन फेऱ्या पडल्या.

पहिल्या दिवशी अकरा साड्या झाल्या. त्यांपैकी चार पुन्हा घालाव्या लागल्या. बाजूच्या कारागिराने मुकाट्याने त्याला काठ धरून दाखविला. दुसऱ्या दिवशी निघायला तासभर असतानाच तो डबा हातात घेऊन दाराशी उभा होता, असे त्याच्या आईने कळविले. आता तिला नवी काळजी आहे : डब्यात भाकरी द्यावी, की इतरांसारखी पोळी.