बंबाचा जमाखर्च

एप्रिल उजाडला की वऱ्हाडातील कापसाचा हंगाम सरत आलेला असतो, जिनांच्या आवारांत उरलीसुरली रुई आणि सरकीचे ढीग ऊन खात पडलेले असतात, अकोल्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पलीकडे सरकू लागलेला असतो, आणि नेमक्या याच दिवसांत, 14 ते 20 एप्रिल या सप्ताहात, देशभरातील अग्निशामक दले आपल्या हुतात्म्यांचे स्मरण करतात. मानवंदना द्यावी, बंब धुऊनपुसून रस्त्यावर आणावेत, शाळकरी मुलांना पाण्याच्या फवाऱ्याची गंमत दाखवावी, आणि सरत्या वर्षात किती वर्द्या आल्या, किती लाखांची मालमत्ता वाचली, कोणते नवे वाहन ताफ्यात दाखल झाले, याचा गोषवारा वर्तमानपत्रांकडे धाडावा, असा या सप्ताहाचा रिवाज आहे. सप्ताहाचा पहिला दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचा असल्यामुळे अमरावतीच्या इर्विन चौकात आणि अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ सकाळपासून जनसागर लोटलेला असतो. म्हणजे ज्यांच्या गौरवाचा हा दिवस, त्यांच्यापैकी बरेचसे गर्दीच्या कडेला बंदोबस्तावर उभे असतात. त्यांची त्याबद्दल तक्रार नसते. माझी तक्रार त्या गोषवाऱ्याविषयी आहे.

सप्ताहाचा आरंभ 14 एप्रिललाच का, हे वऱ्हाडी वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती, आणि त्याच जहाजात कराचीच्या बंदरावर कापसाच्या 8,700 गाठी चढवलेल्या होत्या. दुपारी गाठींच्या खणातून धूर येताना दिसला, बंब धावले, पाण्याचा मारा सुरू झाला, पाणी वरून पडत राहिले आणि आग आत पसरत राहिली, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा झाला. मुंबई दलाचे 66 जवान त्या दिवशी कर्तव्यावर असताना गेले. मुंबई हादरली ती दारूगोळ्याने. आग मात्र कापसाची होती, आणि कापसाच्या आगीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या दुपारचा तो वांझोटा पाण्याचा मारा डोळ्यांसमोर उभा करावयास फारसे श्रम पडत नाहीत.

तो स्वभाव मी एकदा जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या परिसरातील एका जिनात आग लागली होती, आणि ती 'आटोक्यात आली' असे सांगितले गेल्यानंतर सहा-सात तासांनी मी त्या आवारात गेलो. ज्वाला कुठेच नव्हत्या. काळवंडलेल्या पत्र्याखाली चिखल, ओली राख आणि जळक्या तेलासारखा, सरकीचा तो घशाला बसणारा दर्प एवढेच शिल्लक होते. दोन जवान लोखंडी आकड्यांनी एकेक गाठ ओढून मोकळ्या जागेवर आणत होते, तिच्या पट्ट्या तोडत होते, आणि घट्ट दाबलेली ती पावणेदोनशे किलोंची रुई पापुद्र्यापापुद्र्याने सोलत होते. वरचा थर भिजून थंडगार झालेला, चार बोटे आत गेले की कोरडी रुई, आणि त्याच्याही आत चुलीतल्या निखाऱ्यासारखे लालबुंद. त्यांतला वयाने मोठा असलेला जवान घाम पुसत म्हणाला, "पाणी मारणं सोपं हाये भाऊ, गाठ फोडणं मेहनतीचं काम हाये. वरून इझते, अंदरून धुमसत राह्यते." त्या गाठी फोडण्याचे काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले होते.

ही आग लागते तरी कशी, याचेही उत्तर साधे आहे. शेतातून, गाडीतून, यार्डातून जिनात येणाऱ्या कापसात एखादा खडा, खिळा किंवा गाडीतून गळलेला लोखंडाचा तुकडा आलेला असतो. तो यंत्राच्या फिरत्या भागावर आपटला की ठिणगी उडते, ती ठिणगी रुईच्या तंतूला चिकटून हवेच्या नळातून पुढे वाहत जाते, आणि ढिगाच्या पोटात जाऊन निमूटपणे बसते. कित्येकदा गाठ बांधून, वजन होऊन, गोदामात थप्पीला लागल्यानंतर तिला जाग येते. खडे-खिळे वेचून काढणारी स्वच्छतायंत्रे, लोखंड पकडणारी चुंबके, ठिणगी ओळखून पुरवठा बंद पाडणारी साधने ही सर्व उपलब्ध आहेत. ती बसविली आहेत की नाहीत, बसविली असल्यास चालू आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न असतो, आणि तो आग लागण्यापूर्वी विचारावयाचा असतो.

आता वार्षिक गोषवाऱ्याकडे वळू. 'वर्दी' हा शब्द या खात्याने जुन्या दप्तरातून जसाच्या तसा जपून ठेवला आहे, आणि मला तो फार आवडतो; कारण त्यात खबर आहे, ती देणाऱ्याची जबाबदारी आहे आणि घेणाऱ्याची तत्परताही आहे. परंतु गोषवाऱ्यात कचऱ्याच्या ढिगाची वर्दी एक, आणि ज्या जिनात दोन पाळ्यांचे जवान चोवीस तास राबले, त्या जिनाची वर्दीही एकच. अशा बेरजेतून आकडा निघतो, काम निघत नाही. शिवाय या वर्द्यांत निव्वळ आगी किती, हेही पाहावयास हवे. 30 ऑक्टोबर 2022 रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात जीर्ण इमारत कोसळून 5 जण दगावले, तेव्हा ढिगारा उपसण्यास जी माणसे उतरली त्यांत अग्निशामक दल होते. आणि ती इमारत धोकादायक असल्याची नोटीस त्यापूर्वीच बजावलेली होती. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचा जुना वृक्ष मंदिराच्या सभामंडपाच्या टिनांवर कोसळून 7 भाविक मृत्युमुखी पडले. मोर्णेला पूर आला तरी हीच माणसे, विहिरीत गाय पडली तरी हीच माणसे, मांजाला अडकलेला पक्षी सोडवावयाचा तरी हीच माणसे. नावात अग्नी असला तरी या खात्याचा निम्मा संसार पाण्याशी, मातीशी आणि लोखंडाशी आहे, आणि काँक्रीट कापण्याची करवत, पत्रा उचलण्याची हवेची उशी, शिडी, दोर, बोट यांची मागणी जेव्हा अंदाजपत्रकात येते, तेव्हा ती चैन समजून तिला कात्री लावणाऱ्याने प्रभात चौकाची ती दुपार आठवावी.

गोषवाऱ्यात जी गोष्ट अवश्य असावी ती म्हणजे मिनिटे. शहरात वर्दी मिळाल्यापासून पाच ते सात मिनिटांत बंब घटनास्थळी पोचावा, असा मानदंड आपल्या देशात तज्ज्ञांनी केव्हाच घालून दिलेला आहे. प्रत्येक वर्दीची वेळ, केंद्रातून निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि परतल्याची वेळ दलाच्या दप्तरात नोंदविली जाते. ती नोंद म्हणजेच या खात्याचा खरा जमाखर्च होय. या चार वेळा प्रभागवार छापल्या, तर नवे केंद्र कोठे हवे यावर वाद घालण्याचे कारणच उरणार नाही.

अमरावतीचे क्षेत्रफळ 121 चौरस किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यात बडनेराही येते. अकोल्याच्या हद्दीत 2016 साली 24 गावे आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, रस्ते पाच-दहा वर्षांत येतात, आणि अग्निशमन केंद्र सर्वांत शेवटी, कधीकधी आग लागून गेल्यानंतर येते. जुन्या वस्तीचा प्रश्न याहून बिकट. 1807 सालच्या सुमारास निजामी अमलात पेंढाऱ्यांच्या भयाने अमरावतीभोवती परकोट बांधला गेला. लुटारूंना आत शिरता येऊ नये, हा त्याचा हेतू होता, आणि त्याच्या वेशी, खिडक्या व बोळ यांनी तो हेतू इतका चोख बजावला, की आज बंबालाही आत शिरताना घाम फुटतो. जवाहर गेटच्या आत सायंकाळच्या बाजारात एखादी हातगाडी आडवी लागली, दोन दुचाक्या तिच्याशेजारी लावल्या, वर विजेच्या तारांची जाळी लोंबत असली, की मोठा बंब बाहेरच थांबतो आणि जवान होज खांद्यावर टाकून पळत सुटतात. तेथे लहान गाडी, दुचाकीवरचा पंप आणि गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा नळखांब, हीच खरी सुधारणा. चाळीस फूट लांबीच्या चकचकीत वाहनाची फीत कापताना छायाचित्र मात्र अधिक चांगले येते, हे खरे.

नळखांबाचे नाव काढले म्हणून सांगतो: नळखांबात पाणी लागते. अमरावतीला अप्पर वर्धा आणि अकोल्याला काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, ते उन्हाळ्यात दिवसाआड, क्वचित त्याहूनही विलंबाने. आणि मे 2024 मध्ये उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, अशा या मुलखात, कूलर, वातानुकूलन यंत्रे आणि रोहित्रे एकाच वेळी तापत असताना, बंब भरून घेण्याच्या हमखास जागा शहरभर ठरलेल्या असणे अत्यावश्यक आहे. जुन्या विहिरी बुजवून त्यांवर गाळे बांधण्यापूर्वी या खात्याचे मत घेतले जावे.

आता प्रतिबंधाविषयी. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा 2006 साली झाला आणि 6 डिसेंबर 2008 पासून अमलात आला. इमारतीतील अग्निरक्षक यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा नमुना 'ब' मधील दाखला मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावा, असे त्यात सांगितले आहे. नियम सुरेख आहे. परंतु 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 तान्ही बालके गेली, राज्यभर तपासण्यांचा धडाका उडाला, आणि त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष पेटून 11 रुग्ण दगावले. सप्टेंबर 2022 मध्ये अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली, तेव्हा बालकांना तातडीने हलविण्यात आले; अशा वेळी दरवाजा कोणत्या दिशेला उघडतो आणि जिन्यात काय ठेवलेले आहे, यावर सारे अवलंबून असते, आणि ते कोणत्याही दाखल्यात लिहिलेले नसते. म्हणून माझी सूचना अशी, की वर्षाच्या हिशेबात किती आगी विझविल्या याच्या बरोबरीने कापसाची किती जिने, किती रुग्णालये, किती मंगल कार्यालये, किती शिकवणीवर्ग प्रत्यक्ष पायी जाऊन तपासले, किती ठिकाणी दोष आढळले आणि त्यांपैकी किती मुदतीत दूर झाले, हे रकाने असावेत. नोटीस बजावली म्हणजे काम संपले, ही कारकुनी समजूत प्रभात चौकात महागात पडली आहे.

पैशाविषयी फार लिहीत नाही. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने 2023 साली 5,000 कोटींची योजना आणली, वाहने येतील, येत आहेत. वाहन चालविणारा आणि होज धरणारा मात्र योजनेतून येत नाही. अग्निशमनाचे उच्च शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय 1957 पासून नागपुरात, म्हणजे अमरावतीहून तीन तासांच्या अंतरावर आहे, आणि तरीही विदर्भाच्या शहरांत मंजूर पदांचा अनुशेष आणि कंत्राटी भरतीचे ठिगळ हा नित्याचा विषय असावा, याला काय म्हणावे! कंत्राटी जवान धुरात शिरतो तेव्हा त्याचा श्वसनसंच, त्याचा विमा आणि त्याच्या पश्चात घर यांची व्यवस्था कायम जवानाइतकीच असली पाहिजे, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही. आता तर नांदगाव पेठेला वस्त्रोद्योगाचे मोठे उद्यान उभे राहात आहे. त्याची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. कापूस, सूत आणि कापड एकाच आवारात हजार एकरांवर येणार असेल, तर तेथील पहिली वीट कारखान्याची बसली तरी दुसरी अग्निशमन केंद्राची बसावी.

अग्निशमन सेवा हा विषय घटनेच्या बाराव्या परिशिष्टान्वये नगरपालिकांच्या कक्षेत येतो, म्हणजे जाब विचारावयाचा तो महापालिकेलाच. मार्च 2022 पासून दीर्घकाळ दोन्ही महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता आणि जाब विचारणारे सभागृहच नव्हते. यापुढे दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत अग्निशमन विभागाचे वर्दीपुस्तक मिनिटांच्या रकान्यांसह पटलावर ठेवावे, आणि प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागाचे पान उघडून पाहावे, एवढी मागणी नागरिकांनी लेखी करावी.

आणि वाचकांनी एक करावे. वर्दी 101 वर देताना आधी ठिकाण सांगावे, मग काय पेटले आहे ते, मग गल्लीत मोठा बंब शिरेल की लहान. फोन लगेच ठेवू नये, आणि घरातल्या एकाने धावत जाऊन चौकाच्या तोंडाशी, दिसेल असे, उभे राहावे.