वंशावळीतल्या पाच मुली

डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या एखाद्या वारली पाड्यावर खातेदार वारला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. सोबत शपथपत्रावर वंशावळ. त्या कागदावर मुलीचं नाव आलं, तरी ते टिकेलच याची हमी कायदा देत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना लागू नाही. २००५ ची दुरुस्ती झाली, इतर हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. वारली मुलगी तेव्हाही बाहेरच राहिली.

वंशावळ हा जमिनीचा कागद असतो, हे हिब्रू शास्त्र लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. अमक्याचा मुलगा तमका, ही तिथली लांबलचक रांग वाचक कंटाळून ओलांडतो. पण त्यांचा देश वाटला गेला तो वंश आणि कुळं धरूनच. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात ही रांग अडते. मनश्शेच्या वंशातला सलाफहाद वारतो, पाठीमागे मुलगा नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशे, याजक आणि सरदारांसमोर उभ्या राहतात. मुलगा नाही म्हणून बापाचं नाव कुळातून का जावं? काकांच्या बरोबरीने आम्हालाही वतन द्या. देवाचा निवाडा त्यांच्या बाजूने होतो.

हक्क तोकडाच होता. भाऊ असता तर त्यांना काहीच मिळालं नसतं. पुढे ३६ व्या अध्यायात अटही पडते, की लग्न बापाच्याच वंशात करायचं. तरीही पाचही नावं लिहिली गेली आणि त्यातली दोन जमिनीत रुजली. प्राचीन इस्राएलातल्या शोमरोनला १९१० मध्ये खापरं सापडली, इसवीसनापूर्वी आठव्या शतकातली. त्यांवर द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या नोंदी आहेत. तिथे नोआ आणि होग्ला ही मुलखांची नावं आहेत.

वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. लग्नाचा चौक लिहितात सवाशिणी. मग जमिनीच्या वेळीच बाई मागे का?

हा प्रश्न आज टाळता येणार नाही. डहाणू-तलासरीतून द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन जाते आहे. जमीन जाते, मोबदला वारसांत वाटला जातो, आणि पैसा एकदाच येतो. ओडिशातल्या एका आदिवासी मुलीने अशाच मोबदल्यात वाटा मागितला होता. ९ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला आणि कायदा बदलण्याचा विचार करा, असं केंद्राला सांगितलं. १७ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. मुलीला वगळण्याची रूढी असेल तर ती सिद्ध करा, ही त्या निकालातली मेख.

म्हणजे रूढी काय आहे, हे कुणीतरी सांगायला हवं. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आमच्यात मुलीलाही वाटा आहे, असा ठराव गंजाडच्या ग्रामसभेने करावा. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. ठराव मांडायला मुलींनीच उठावं, आणि त्यांची नावं इतिवृत्तात एकेक करून लिहिली जावीत.