रस्ता कोणाच्या हद्दीत?

झाशीच्या नगरा भागात रेल्वेची वसाहत आणि शहराची वस्ती शेजारी-शेजारी आहेत. वसाहतीतील रस्ते रेल्वेचा अभियांत्रिकी विभाग सांभाळतो, बाहेरचे नगर निगम. खड्ड्याला मात्र हद्द कळत नाही. रात्रपाळीचा कामगार आणि टपालाची पिशवी घेतलेला पोस्टमन दोघेही त्यातच आपटतात.

घटनेच्या कलम २८५ मुळे रेल्वेच्या मालमत्तेला पालिकेचा कर लागत नाही. पण मिळालेल्या सेवांचा आकार द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये ठरले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मोकळा पदपथ हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर आता चालणार नाही. प्रत्येक रस्त्यावर जबाबदार कार्यालयाचे नाव लागले पाहिजे.

बंधूंनो, आपल्याकडेही पाहू. पदपथावर मोटरसायकल लावणे, गटारात कचरा लोटणे, मांडवासाठी रस्ता खणणे हे आपल्यातलेच लोक करतात. ते थांबवू या. शाखांनी तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नये. हक्क मागणाऱ्याचे अंगण आधी स्वच्छ असावे.