पट्टी कुठली? मूड काय?

मागच्या महिन्यात एक मस्त फ्रीलान्स काम मिळालं. घरबसल्या हेडफोन लावून गाणी ऐकायची आणि त्याचे पैसे घ्यायचे! सकाळी आठ-बाराची लोकल पकडणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा तर जळफळाटच झाला.

काम तसं सोप्पं. एका म्युझिक कंपनीच्या यादीत दोनशे ट्रॅक्स. प्रत्येकापुढे तीन रकाने: टेम्पो, की, मूड. म्हणजे लय, पट्टी आणि... मूडला आपण मूडच म्हणतो. आकडे सॉफ्टवेअर काढतं, आपण ऐकून खात्री करायची. अट एकच, रकाना रिकामा ठेवायचा नाही.

एकशे बेचाळीस ट्रॅक झरझर उरकले. रात्री दोन वाजता एकशे त्रेचाळिसावा लावला आणि गाडी अडकली. ग्यॉर्गी लिगेटी या हंगेरियन संगीतकाराची १९६१ची ‘आत्मोस्फेर’ ही रचना. मोठा ऑर्केस्ट्रा, जेमतेम नऊ मिनिटं.

सुरुवात कशी होते सांगू? हार्मोनियमवर दोन्ही हात कोपरापर्यंत आडवे टाका. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या दाबल्या गेल्या पाहिजेत. आता हेच जवळजवळ पाच सप्तकांवर पसरलंय अशी कल्पना करा. नुसते तंतुवादकच छप्पन्न, आणि प्रत्येकाची ओळ वेगळी! पण हा गोंगाट नाही हं. हे सगळं इतकं हळू वाजतं की खोलीत धुकं शिरल्यासारखं वाटतं.

सॉफ्टवेअरने मात्र बिनधास्त एक पट्टी सांगून टाकली. कशी? तर ते बारा सुरांपैकी कुठला सूर किती वाजतोय हे मोजतं आणि चोवीस मेजर-मायनर साच्यांपैकी जो त्यातल्या त्यात जवळचा वाटेल तो निवडतं. पण इथे बाराही सूर एकदम हजर! निवडणुकीत सगळ्यांना जवळपास सारखी मतं पडावीत आणि तरी एकाला विजयी घोषित करावं, तसला प्रकार.

लयीचं तर विचारूच नका. लय पकडायला आवाजात ठोके लागतात. इथे तालवाद्यं नाहीतच. पियानो आहे, पण त्याच्या तारांवरून चक्क ब्रश फिरवतात! कंडक्टर हात हलवतो तो वादकांना एकत्र ठेवण्यासाठी. तो ठोका आपल्याला ऐकू येऊ नये अशीच सगळी मांडणी. सॉफ्टवेअरने तरीही आकडा दिला. शंका आली म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं, तर त्याने बरोबर दुप्पट सांगितला. घ्या!

राहिला मूड. पर्याय होते हॅपी, सॅड, रोमँटिक, काम, टेन्स. सॉफ्टवेअर म्हणालं टेन्स, आणि खरं तर मलाही तेच वाटलं. स्टॅन्ली कुब्रिकने १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये हे संगीत वापरलं, तेही लिगेटीला न विचारता. तेव्हापासून हे ऐकलं की अंतराळ आणि गूढ काहीतरी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण अंतराळाशी याचा मुळात काही संबंध नव्हता. लिगेटीचा जन्म १९२३चा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यू घरातला. वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत गेले. १९५६चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर त्याने हंगेरी सोडली. ‘आत्मोस्फेर’ त्याने माट्याश शायबर या संगीतकाराच्या स्मृतीला अर्पण केली. शायबर १९६०मध्ये मोटार अपघातात गेला होता. आणि ऑक्टोबर १९६१मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनला पहिला प्रयोग झाला, तेव्हा श्रोत्यांनी चक्क वन्स मोअर घेतला. सांगा, आता कुठल्या रकान्यात टाकू?

मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पट्टी नाही, लय जाणवत नाही, मूड सांगता येत नाही.’ दुसऱ्या दिवशी अख्खी बॅच परत. ‘कृपया सर्व रकाने भरा.’ तोपर्यंत दोनशे ट्रॅक्सचं पेमेंट अडकलं, आणि घरभाड्याची तारीख पाच! गंमत म्हणजे स्पॉटिफायने डेव्हलपर्ससाठी ठरवलेल्या पद्धतीत पट्टी सापडली नाही तर ‘उणे एक’ लिहायची सोय होती. मशीनला ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा, मला नाही.

मग काय केलं? भरले रकाने. सॉफ्टवेअरचा आकडा, सॉफ्टवेअरची पट्टी, आणि सुरुवात शांत आहे म्हणून मूड ‘काम’. पैसे आले, भाडं गेलं.

आणि झोप उडाली. कारण ‘काम’ लिहिलेले ट्रॅक कुठे जातात? झोपेच्या प्लेलिस्टमध्ये! आणि या रचनेत मध्येच पिकोलो बासऱ्या चढत-चढत कानात सुई टोचावी इतक्या वर जातात, आणि तिथून धाडकन आठ डबल बेस पार तळाला सुरू होतात. दिवसभर कॉल्स घेऊन दमलेला कुणीतरी हेडफोन लावून पडलेला असेल, तो ताडकन उठून बसेल. माझ्यामुळे.

परवा मी कंपनीला मेल टाकला, ‘ट्रॅक १४३ मी चुकीचा भरलाय, दुरुस्त करा.’ उत्तर नाही. पुढची बॅच मिळेल की नाही, तेही माहीत नाही.

तुमच्या ऑफिसातही शुक्रवारी तो फॉर्म येतो ना, पाच स्मायलींपैकी एक निवडा म्हणणारा? आपण दोन सेकंदांत मधली दाबतो आणि मोकळे होतो. एखाद्या रात्री दिवा बंद करून, मोबाइल सायलेंटवर टाकून ही नऊ मिनिटं ऐका. एर्नेस्ट बूरने कंडक्ट केलेलं रेकॉर्डिंग ऐका, चित्रपटात तेच आहे. शेवटी आवाज विरत जातो आणि नुसती शांतता उरते. तीही लिगेटीने मोजून लिहिलेली आहे, तेव्हा लगेच बंद करू नका.

आणि नंतर कुणी विचारलं कसं वाटलं, तर एका शब्दात सांगू नका. निदान तुमच्यावर तरी रकाना भरायची सक्ती नाही!