जाहीर आवाहन : व्हिटॅमिन डीच्या पुडीवर मुलांचं इन्सुलिन तोडू नका!

नागपूरकर पालकहो,

सोसायट्यांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे : व्हिटॅमिन डीचा कोर्स करा, मुलांची शुगर आपोआप कंट्रोलमध्ये येते, इन्सुलिन सुटतं. मेसेजपाठोपाठ पुड्या विकणारेही लेआउटमध्ये पोचले. मंडपाच्या एका टोकाला मोफत तपासणी, दुसऱ्या टोकाला विक्री! आमच्या माहितीतल्या एका घरी नातेवाईक म्हणाले, "कायले पोट्ट्याले रोज सुया टोचता, हे पावडर द्या न." नऊ वर्षांच्या मुलाचं इन्सुलिन थांबलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. रात्री पोरगा खोल खोल श्वास ओढू लागला, तोंडाला सडक्या फळासारखा वास येऊ लागला, तेव्हा आयसीयूकडे धाव. पोरगा वाचला. पुडी विकणारा मात्र त्यानंतर फोन उचलत नाही.

टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते. पुडी, काढा, कारल्याचा रस, कशानेही त्या परत येत नाहीत. 1922 साली टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या पथ्यावर काही महिने तग धरून मरत. शंभर वर्षांनी आपण पुन्हा तिकडेच निघालो आहोत काय? आणि तेही या नागपुरात, जिथे डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरच्या मुलींना इन्सुलिन पुरवून जगवलं! आमच्या पालक गटातल्या आयांनी मध्यरात्री स्कूटी काढून दुसऱ्याच्या पोरासाठी व्हायल पोचवल्या आहेत. त्या शहरात असल्या थापा खपाव्यात, याची लाज वाटते.

विक्रेते फिनलंडचा दाखला देतात. तो अभ्यास खरा आहे. 1966 मध्ये जन्मलेल्या बाळांचा माग ठेवून 2001 साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं की ज्यांना पहिल्या वर्षी नियमित व्हिटॅमिन डी मिळालं, त्यांच्यात पुढे टाइप 1 कमी आढळला. ते निरीक्षण होतं, तेही मधुमेह होण्याआधीचं, आणि वर्षातले कित्येक महिने सूर्य जेमतेम दिसणाऱ्या देशातलं. झालेला मधुमेह बरा झाला, असं त्यात कुठेही नाही. टाइप 2 चं म्हणाल, तर 2019 साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2,423 प्रौढांवर चाचणी झाली. रोज 4,000 युनिट देऊनही मधुमेह टळण्यात ठोस फरक दिसला नाही. हे कुणी फॉरवर्ड करत नाही!

व्हिटॅमिन डी नकोच, असं आम्ही म्हणत नाही. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाच्या सुमारे 24 टक्के मुलामुलींत त्याची कमतरता आढळली. "नागपुरात उन्हाला काय तोटा?" असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात पोरांना दुपारी बाराला मैदानात उभं करून दाखवावं. सकाळच्या कोवळ्या उन्हातून व्हिटॅमिन डी फारसं मिळत नाही, बाकी दिवस शाळा-ट्यूशनमध्ये जातो, आणि मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून गाडी चालवतात. कमतरता असेल तर डॉक्टरांनी लिहिलेला डोस जरूर द्या. तो हाडांसाठी आहे, इन्सुलिनच्या बदल्यात नाही.

"नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काय बिघडतं?" बिघडतं! हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. मोठ्या मुलांना दिवसाला 600 युनिट पुरतात, म्हणजे 60,000 युनिटची एक पुडी शंभर दिवसांची. आठवड्याची पुडी रोज देणारी घरं आम्ही पाहिली आहेत. अतिडोसाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं : उलट्या, सारखी तहान, वारंवार लघवी, मूत्रपिंडावर ताण. लक्षणं हुबेहूब शुगर वाढल्यासारखी, मग घरचे आणखी एक पुडी फोडतात. "इन्सुलिनची सवय लागते" या मुद्द्यावर आम्ही वेळ घालवणार नाही. जेवणाचीही सवय लागते.

आता कामाला लागा. इन्सुलिनचा एकही डोस कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. बदल फक्त उपचार करणारे डॉक्टर सांगतील तोच. मूल अचानक वाळलं, सारखं पाणी मागू लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर शुगर बघा; उलट्या किंवा धाप असेल तर थेट मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ असेल ते गाठा. बाळाच्या थेंबांच्या बाटलीवर एका मिलीलीटरमध्ये 400 युनिट की 800, हे वाचल्याशिवाय ड्रॉपर भरू नका. मुख्याध्यापकांनो, सीबीएसईने 2017 सालीच मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली. तुमच्या घटक चाचणीला कसली अडचण आहे? केमिस्ट बंधूंनो, चिठ्ठीशिवाय 60,000 ची पुडी काउंटरवर सरकवू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींनो, शिबिराला परवानगी देताना डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. तेवढंही जमत नसेल, तर पदावर बसता कशाला?

येत्या रविवारी सकाळी दहाला संविधान चौकात जमायचं आहे. अन्न व औषध प्रशासनाला द्यायच्या निवेदनावर तिथेच सह्या होतील. येताना तुमच्याकडे विकलेल्या पुड्यांची रिकामी पाकिटं, पावत्या आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन या. पावती दिली नसेल, तर तेही लिहून आणा.

आपले,
मधुमेही मुलांचे पालक, नागपूर