त्या मुलांच्या आया जिवंत आहेत

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या युवती गटातली एक मुलगी माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आली. वय एकोणीस, बी.ए.चं दुसरं वर्ष. सुट्टीत चार आठवडे नेपाळला, काठमांडूतल्या एका अनाथाश्रमात स्वयंसेविका म्हणून जायचं होतं. एका कंपनीची जाहिरात होती. राहणं, जेवण, प्रमाणपत्र आणि शेवटी पोखऱ्याची सहल, सगळ्याचे मिळून पैसे भरायचे. मी विचारलं, "तिथे तू काय करणार?" म्हणाली, "ताई, मुलांना प्रेम देणार."

मी पत्र दिलं नाही. पोरगी रडवेली होऊन गेली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन. "तिच्या बापाशी भांडून मी परवानगी मिळवली. मुलींनी बाहेर पडावं असं तुम्हीच सभेत सांगता, आणि आता तुम्हीच आडव्या येता?"

हा सवाल मला लागला. म्हणून हे लिहिते आहे.

मुलींनी उंबरा ओलांडावा, सीमाही ओलांडावी, यासाठीच आपण भांडत आलो. तिच्या जाण्याला माझी हरकत नाही. ती कोणाच्या पोरांच्या जिवावर तिथे उभी राहणार, हा माझा प्रश्न आहे.

नेपाळात १९९६ ते २००६ या काळात माओवादी युद्ध चाललं होतं. तेव्हा हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल हिंडले. "पोराला शहरात शाळेत घालतो, सुरक्षित राहील" असं सांगून त्यांनी आईबापांकडून पैसे घेतले, मुलं नेली आणि काठमांडूत अनाथ म्हणून दाखवली. पुढे काही मुलांच्या घरांचा शोध घेतला गेला, तेव्हा आया गावात वाट बघत बसलेल्या सापडल्या. गरिबी सगळ्यात जास्त दूरच्या डोंगरात. पण बालगृहं मात्र काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच दाटीने उभी राहिली. हा योगायोग समजायचा का?

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. तिथली यादवी तर केव्हाच संपली होती. वाढले होते ते पर्यटक आणि देणगीदार. त्या बालगृहांतल्या चारातल्या जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफच्या २०११च्या अभ्यासात दिसलं.

म्हणजे मागणी आधी तयार झाली आणि अनाथ मागाहून. स्वयंसेवक पैसे भरतात ते मूल बघायला मिळावं म्हणून. मूल आईकडे परत गेलं तर चालकाचं उत्पन्न बुडतं. मग तो ते परत का पाठवील? आणि मुलं गुटगुटीत, नीटनेटकी दिसली तर देणगी कोण देणार?

माझ्या कामात बालगृहाच्या दाराशी पोर घेऊन आलेल्या बाया मी रोज बघते. नवऱ्याने टाकलेली, विधवा, धुणीभांडी करणारी. पोर नकोसं झालं म्हणून ती आलेली नसते. तिला पाळणाघर हवं असतं, बऱ्या मजुरीचं काम हवं असतं, डोक्यावर छप्पर हवं असतं. एवढं मिळालं तर ती पोराला कडेवर घेऊन परत जाईल. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. पण पोराचा फोटो काढायला चार आठवडे येणाऱ्या पाहुणीला ही आई दिसतच नाही. तिला 'अनाथ' हवा असतो, आणि त्या शब्दात आईला जागा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कामाच्या मोलाची. एकोणीस वर्षांच्या, काहीही शिक्षण न घेतलेल्या मुलीच्या हाती दुखावलेली मुलं सोपवायची, का? तर मुलं सांभाळायला शिकावं लागत नाही, मायेची बाई असली की झालं! हाच विचार आपल्याकडे आशाताईला 'स्वयंसेविका' म्हणतो आणि पगाराऐवजी मोबदला हातावर ठेवतो. अंगणवाडी सेविकेलाही मानधनावर राबवतो. तिथे रोज भरवणाऱ्या, हगणंमुतणं काढणाऱ्या आया फोटोत नसतात. आणि दर महिन्याला नवी ताई गळ्यात पडते व निघून जाते, तेव्हा रात्री रडणारं पोर त्यांनाच सांभाळावं लागतं.

हे फक्त मी म्हणते असं नाही. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेतून मुलांना होणारी हानी रोखा, असं सरकारांना सांगितलं आहे.

परदेशी जाऊन सेवा करणं मुळात वाईट नाही. १९२०मध्ये स्विस शांतीवादी पिएर सेरेसोल काही सोबत्यांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या उद्ध्वस्त गावात गेला. सोबत जर्मनही होते, कालचे शत्रू. त्यांनी फावडी हातात घेतली. तोच सेरेसोल १९३४च्या भूकंपानंतर बिहारमध्ये घरं बांधायला आला. घरं बांधली, पोरं मांडीवर घेऊन फोटो काढले नाहीत.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकीला आपण तीन प्रश्न विचारू. तुला तिथल्या लोकांनी बोलावलं आहे की कंपनीने? तुझ्या जागी तिथल्या बाईला पगाराचं काम मिळालं असतं का? आणि जे तू तिथे करणार, ते आपल्या गावातल्या बालगृहात तुला कोणी करू देईल का?

हे सगळं मी त्या आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं, पटलं. पण मग पोरीला पाठवायचं कुठे, ते तरी सांगा."

तिचं बरोबर आहे. हे उत्तर आपण द्यायला हवं. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. तिथेही बायकांच्या संघटना आहेत. आपल्या मुली त्यांच्याकडे शिकायला जाऊ देत, त्यांच्या आपल्याकडे येऊ देत. आपल्या केंद्रांत, आपल्या घरांत राहू देत. उपकार कोणी कोणावर करायचे नाहीत. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने यावर बोलावं. आणि तोवर अनाथाश्रमात जाण्यासाठी शिफारसपत्र कोणी मागितलं, तर सही करू नका.